सगळी जिंजी

बदलीच्या गावाहून घरी काय पाठवावे, हा प्रश्न आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या चाकरांना दर सणाला पडतो. कांचीपुरमचे पातळ एकदाच परवडते. कॉफीची पूड पाठवावी, तर आमच्या कराडच्या घरी तिचा डबा पाहुण्यांना दाखविण्यापुरताच फळीवरून खाली येतो. चार वर्षांपूर्वी आमची चेन्नईस बदली झाली आणि एग्मोरला आम्ही बिऱ्हाड थाटले, तेव्हा आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, यांपैकी काहीच मागितले नाही. दूरध्वनीवर ते एवढेच म्हणाले, "तिथून जिंजी जवळ आहे. फोटो पाठव. तुकडे नकोत. सगळी जिंजी पाठव."

अण्णा चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवीत होते. राजाराम महाराजांचा धडा आला, की फळ्यावर तीन वाटोळे डोंगर काढावयाचे आणि त्यांना एका रेघेने जोडावयाचे, हा त्यांचा परिपाठ. त्या वर्गात आम्हीही बसलो आहो. महाराजांनी १६७७ साली जिंजी घेतली, ती पुढे आपल्या धाकट्या मुलाच्या कामी येईल हे तेव्हा कोणास ठाऊक होते? संभाजीराजे गेले, आणि १६८९ मध्ये राजाराम महाराज वेष पालटून पन्हाळ्याहून निघाले ते थेट या तमिळ मुलुखात येऊन पोहोचले. पुढली सुमारे आठ वर्षे मराठ्यांची राजधानी येथे होती. झुल्फिकारखानाने वेढा घातला, उठविला, पुन्हा घातला. १६९८ च्या आरंभी किल्ला पडला, तेव्हा महाराज आधीच निसटले होते. हे सारे अण्णांना तोंडपाठ. पण किल्ला मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. शाळामास्तरांच्या रजा आणि पगार या दोहोंत मिळून जिंजी कधी बसली नाही. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत महाराष्ट्राबाहेरचा एकटा जिंजीच. त्या बातमीचे कात्रण अण्णांनी आम्हांस टपालाने पाठविले आणि कडेला तांबड्या शाईने लिहिले, "स्मरणपत्र क्रमांक १." सरकारी नोकराला याहून तीक्ष्ण बाण कोणता लागणार?

'सगळी' हा शब्द छायाचित्रकाराला फार अडचणीचा आहे. माणसाची नजर समोर लावली, तरी दोन्ही कानांच्या बाजूंचे तिला अंधूक का होईना दिसत असते. साधे भिंग त्याचा चौथा हिस्साही पकडत नाही. मोबाइलमध्ये आडवे फिरवून लांब चित्र घेण्याची सोय आहे, तिचा प्रयोग आम्ही आधी एग्मोर स्थानकासमोर केला. घुमट आले, पण पुढचा सरळ रस्ता केळ्यासारखा वाकला आणि एका रिक्षाला पाच चाके आली. तो फोटो अण्णांना पाठविला. उत्तर आले, "रस्ता सरळ असणार. चित्र वाकडे आहे."

मग आम्ही पँथियन रस्त्यावरच्या कन्नेमारा ग्रंथालयात जाऊन बसू लागलो. येथे लिनियस ट्राइप भेटला. कंपनी सरकारच्या मद्रास फौजेतला हा अधिकारी पुढे मद्रास सरकारचा छायाचित्रकार झाला, आणि मेण लावलेल्या कागदाच्या निगेटिव्हा बैलगाड्यांवर लादून मदुरा, तंजावर, त्रिचनापल्ली असा हिंडला. १८५८ साली त्याने तंजावरच्या बृहदीश्वराच्या जोत्यावरचा शिलालेख टिपला. लेख भिंतीबरोबर लांबत जाणारा. एका चित्रात मावणे शक्य नाही. म्हणून पठ्ठ्याने कॅमेरा पुढे पुढे सरकवीत चित्रे घेतली आणि २१ चित्रे एकापुढे एक जोडून १९ फूट लांबीची पट्टी केली. पुढच्याच वर्षी गव्हर्नर होऊन आलेल्या ट्रेव्हेल्यनसाहेबांना हे खाते चैनीचे वाटले व ते बंद पडले. काटकसरीचे परिपत्रक काही आजचे नव्हे.

ट्राइप सरकत गेला. डोंगरावर मात्र जागच्या जागी फिरावे लागते. त्यातली गोम अशी, की कॅमेरा आपल्या टाचेवर फिरविला तर जवळचा बुरूज आणि दूरचा डोंगर यांची जागा दर चित्रात बदलते, आणि जोड जुळत नाही. फिरावयाचे ते भिंगाभोवती. याला ट्रायपॉड हवा. पण पुरातत्त्व खात्याच्या जागी ट्रायपॉडला परवानगी लागते, आणि आम्ही स्वतः अर्जांच्या मार्गातले एक टेबल असल्यामुळे त्या मार्गावर आमची श्रद्धा बेताचीच. आम्ही गवंड्याचा ओळंबा विकत घेतला, त्याची दोरी भिंगाला बांधली आणि जमिनीवर खडूची खूण केली. दर वेळी ओळंब्याचे टोक खुणेवर आणावयाचे, कॅमेरा उभा धरावयाचा, प्रकाश आणि नजर एकदा ठरवून कुलूपबंद करावयाची, आणि मागच्या चित्राचा तिसरा हिस्सा पुढच्यात घ्यावयाचा. गच्चीवर हा सराव चालू असता आमच्या सौभाग्यवतीने शेजारणीला खालून काय खुलासा केला, ते आम्हांस कळले नाही. तमिळ तिचे आमच्याहून चांगले आहे.

वाहन म्हणजे आमची जुनी बुलेट. १९५५ पासून या गाड्या याच शहराच्या उत्तर टोकाला, तिरुवोत्रियूरला, बनू लागल्या. तेव्हा तिला येथे आम्ही परके, ती घरची. पावसाळा सरल्यावर एका शनिवारी पहाटे चारला निघालो. तांबरम, चेंगलपट्टू, तिंडीवनम, आणि तेथून पश्चिमेला वळण. अवघे दीडशे किलोमीटर. सह्याद्रीत वाढलेल्या डोळ्याला येथे डोंगर ओळखूच येत नाहीत. आपल्याकडे काळ्या खडकाचे थरावर थर, वर सपाट माथा, खाली पायऱ्या उतरलेल्या. येथे कुणी पोती भरून धोंडे आणले आणि रागाने ओतून दिले, असे ढीग. एकेक धोंडा घराएवढा, घासून वाटोळा झालेला. रस्ता सरळ किल्ल्याच्या पोटातूनच जातो. पश्चिमेस राजगिरी, उत्तरेस कृष्णगिरी, आग्नेयेस चांद्रायणदुर्ग, आणि तिघांना बांधणारा मैलोगणती तट. अण्णांची फळ्यावरची रेघ समोर दगडात उभी होती, आणि आम्ही गाडी बंद करून काही वेळ नुसते तिच्याकडे पाहत बसलो.

राजगिरीचा माथा सुमारे आठशे फूट. शेवटी कड्यात एक घळ आडवी येते, तिच्यावरच्या पुलावरून आत शिरावे लागते. वर वारा असा, की ओळंबा घड्याळाच्या लंबकासारखा हलू लागला. चित्रे मिळाली ती पूर्वेकडची. डाव्या टोकाला कृष्णगिरी, उजव्या टोकाला चांद्रायणदुर्ग, मध्ये भातशेते आणि पाँडिचेरी दरवाजा. ती जोडून पाच फूट लांबीचा छाप काढला आणि बैठकीच्या भिंतीवर लावला. अण्णा संक्रांतीला यावयाचे होते.

ते आले. चहाही न घेता चित्रापुढे उभे राहिले, अगदी दोन हातांवर, हात मागे बांधून. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "शेते छान आली आहेत. डोंगर कुठे आहेत?"

आम्हांस थट्टा वाटली. मग राग आला, हे लपविण्यात अर्थ नाही. एवढ्या खटपटीनंतर ऐकावयाचे ते हे! "अण्णा, हा काय डावीकडे कृष्णगिरी," असे म्हणून आम्ही बोट ठेवले, तेव्हा त्यांनी मान वळविली, आणि मग एकदम म्हणाले, "अरे हो." ते 'अरे हो' ऐकून सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात थबकली. ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही सरळच बघा, आणि मी हात कुठे हलवते ते सांगा." ती बाजूस उभी राहून हात हलवीत होती. अण्णा सरळ पाहत होते आणि काहीच सांगत नव्हते.

दोन वर्षांपासून ते म्हणत होते, की गावची माणसे हल्ली बाजूने येऊन एकदम पुढे उभी राहतात, पूर्वी अशी रीत नव्हती. आम्ही यावर हसलो होतो. चौकटीला खांदा लागे, ताटाशेजारचा पेला लवंडे. आम्ही त्यास वय म्हणत होतो. गावच्या एका डॉक्टरांनीही वयच म्हटले आणि चष्मा बदलून दिला. समोरची अक्षरे वाचता येत होती, मग कोणी शंका तरी का घ्यावी?

एग्मोरचे सरकारी नेत्र रुग्णालय आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. १८१९ साली स्थापन झालेले हे रुग्णालय जगातल्या सर्वांत जुन्या नेत्ररुग्णालयांत मोडते, आणि काचबिंदूसाठी बुबुळाच्या कडेशी बारीक छिद्र पाडून डोळ्यातला दाब उतरविण्याची शस्त्रक्रिया रॉबर्ट हेन्री इलियट यांनी १९०९ साली येथेच रूढ केली. याच मुलुखात तंजावरच्या सरफोजीराजांनी नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची चित्रे काढवून टिपणे ठेविली होती. अण्णांनी रांगेत बसल्या बसल्या आम्हांस ती माहिती पुरविली. आत त्यांना एका अर्धगोलाशी हनुवटी टेकून बसविले. समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवावयाची, बाजूस कोठेही दिवा लुकलुकला की हातातली कळ दाबावयाची. कळ फारशी वाजली नाही. छापून आलेल्या कागदावर मध्ये रुपयाएवढे पांढरे, भोवती सारे काळे.

काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. कडांकडून आत येतो, आणि जे गेले ते परत येत नाही. उरलेले राखावयाचे, त्यासाठी रोज थेंब. डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे पाहून विचारले, मुलगा का? मग आम्हांसही बसविले. कारण रक्ताच्या नात्यात हा रोग अधिक आढळतो. आमचा दाब २१ निघाला. साधारण मर्यादेचा तो उंबरठा. दर सहा महिन्यांनी यावयाचे ठरले.

त्या रात्री अण्णा म्हणाले, "परवा मला घेऊन चल."

सौभाग्यवतीने मोटार भाड्याने घ्या म्हणून सांगितले. अण्णांचे म्हणणे, की डॉक्टरीणबाईंनी गाडी चालविण्यास मनाई केली आहे, मागे बसण्यास नाही. हेल्मेट चढविताना आम्ही म्हटले, "अण्णा, यातून बाजूचे जरा कमी दिसते." ते म्हणाले, "मग माझे काही नुकसान नाही." मग रस्ताभर त्यांचा एक हात आमच्या खांद्यावर होता. तिंडीवनमला इडली खाल्ली. जिंजीचे ढीग दिसू लागताच तो हात घट्ट झाला, आणि कानाशी प्रल्हाद निराजी, संताजी, धनाजी असा धडा सुरू झाला. वाऱ्यामुळे अर्धा ऐकू आला. उरलेला आम्हांस पाठ होता.

बहात्तराव्या वर्षी राजगिरी चढणे त्यांना शक्य नव्हते, आणि ते त्यांनी आपणहून सांगितले. कल्याण महालाच्या सावलीत त्यांना बसविले, पाण्याची बाटली दिली, आणि आम्ही वर गेलो. या खेपेस वारा नव्हता. पूर्ण चक्कर मारली. मागच्या इमारतीच्या भिंतीला त्यात दोन चित्रे गेली. एकंदर वीस चित्रे. ट्राइपसाहेबांपेक्षा एक कमी. फिरणाऱ्या ढगाची एकच सावली चांद्रायणदुर्गावर दोन ठिकाणी पडली आहे, तेवढा दोष राहिला.

मात्र छाप भिंतीसाठी काढला नाही. फूटभर रुंद आणि नऊ फूट लांब अशी पट्टी जाड कापडी कागदावर काढून दोन्ही टोकांना लाकडी दांडे बसविले, जुन्या जन्मपत्रिकेसारखे. एका हाताने उलगडावयाचे, दुसऱ्याने गुंडाळावयाचे. डोळ्यांसमोर एका वेळी वीतभरच जिंजी. अण्णांनी ती प्रथम उलगडली तेव्हा सबंध एक तास लागला. कल्याण महाल आला, तेव्हा भिंग मागवून घेतले. सावलीच्या कडेला एक पांढरा ठिपका आहे. तो पाहून ते म्हणाले, "टोपी सरळ आहे," आणि पुढे गेले.

आता ते कराडला असतात. रात्री थेंब घातले, की पाच मिनिटे डोळे मिटून पडावयाचे आणि मग पट्टी काढावयाची, असा क्रम आहे. आमच्या दूरध्वनीत पूर्वी पाऊसपाणी आणि महागाई असे. हल्ली तो मजकूर बदलला आहे. काल ते म्हणाले, "आज वेल्लोर दरवाज्यापर्यंत आलो. तिथे तटाला एक खिंडार दिसते आहे, ते वेढ्यातले की पुढचे, हे पुढल्या वेळी जाशील तेव्हा बघून ये. आणि तुझी तपासणीची तारीख जवळ आली, ती चुकवू नकोस."