चाळीस कोटी जोड्या

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

रात्रीचा जॉब पुन्हा पडला. पावणेतीनला फोन वाजला तेव्हाच ओळखलं. लॉगमध्ये तीच ओळ, आउट ऑफ मेमरी. प्रोग्रामला दिलेली आठ जीबीची मेमरी, म्हणजे हीप, तुडुंब. आरोग्यविम्याचे वीस हजार दावे तपासणीत अडकलेत आणि त्यातल्या प्रत्येकामागे कुणीतरी दवाखान्याचं बिल भरून पैशांची वाट बघतंय.

सकाळच्या मीटिंगमध्ये सूचना आली, हीप सोळा जीबी करा. मी नको म्हटलं. काय भरतंय तेच माहीत नाही, तर सोळा पुरतील की चौसष्ट लागतील हे कशावरून सांगायचं? शुक्रवारपर्यंत मुदत मिळाली. शनिवारी गणपती आहेत.

३ सप्टेंबर, मंगळवार

पडताना घेतलेली मेमरीची नक्कल, म्हणजे हीप डंप, एक्लिप्सच्या मेमरी अॅनालायझरमध्ये उघडली. फाइल एवढी मोठी की उघडेपर्यंत दोनदा चहा झाला. कुठल्या वर्गाचे किती ऑब्जेक्ट आहेत ती यादी संख्येनुसार लावली. वाटलं होतं, सर्वांत वर आमचा ‘दावा’ असेल. तो कुठेतरी खाली, वीस हजारांवर. वर होतं जॉइन-नोड-लेफ्ट-टपल आणि त्याचा आकडा कोटींत. हा वर्ग आम्ही लिहिलेला नाही, तो ड्रूल्सचा, म्हणजे दावे नियमांवर तपासणाऱ्या आमच्या रूल इंजिनचा.

टीममधली सांगलीची मुलगी शेजारी बसली होती. म्हणाली, “ताई, आपण दिले वीस हजार, याने कोटी कुठून आणले?”

अगदी नेमका प्रश्न. तिला सांगताना माझंही पुन्हा नीट समजून झालं. या इंजिनांच्या मुळाशी रीटी नावाची पद्धत आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या चार्ल्स फॉर्गी यांनी ती १९७०च्या दशकात बसवली. १९७९ साली त्यांचा प्रबंध झाला आणि १९८२ साली प्रसिद्ध लेख आला. लेखाच्या नावातच ‘पुष्कळ नमुने, पुष्कळ ऑब्जेक्ट’ आहे. रीटी म्हणजे लॅटिनमध्ये जाळं. एखादी माहिती बदलली की सगळे नियम पहिल्यापासून तपासायला लागू नयेत, म्हणून अर्धवट जुळलेल्या जोड्या हे जाळं आपल्या गाठींत धरून ठेवतं. वेग मिळतो तो त्यामुळेच, आणि त्याची किंमत मेमरीत मोजावी लागते.

ड्रूल्सने सहाव्या आवृत्तीपासून फ्रीक ही सवडीने काम करणारी पद्धत आणली. नियमाला लागणारे सगळे प्रकार हजर झाल्याशिवाय ती जोड्या लावायला घेत नाही. आमच्या नियमांना मात्र सगळेच प्रकार हजर होते.

४ सप्टेंबर, बुधवार

सापडला. एकाच पॉलिसीवर तीस दिवसांच्या आत दोन दावे आले तर ते बाजूला काढणारा नियम. तो असा लिहिला होता : एक दावा घे, दुसरा दावा घे, रुग्णालय घे, आणि मग शेवटी जावाच्या एका फंक्शनला विचार की पॉलिसी एकच आहे का, अंतर किती दिवसांचं आहे.

वाचायला सरळ. पण फंक्शनच्या पोटात काय आहे ते इंजिनाला दिसत नाही. म्हणून ते आधी प्रत्येक दाव्याची प्रत्येक दाव्याशी जोडी लावतं, स्वतःची स्वतःशीसुद्धा. वीस हजार गुणिले वीस हजार, म्हणजे चाळीस कोटी. एका जोडीला ६४ बाइट धरले तरी पंचवीस जीबी, आणि ते फक्त पहिल्या गाठीवर. आमच्या चाचणीत दोन हजारच दावे होते. त्यांच्या जोड्या चाळीस लाख, जागा पाव जीबी, सगळं हिरवं. दावे दहापट झाले की जोड्या शंभरपट होतात, हे चाचणी लिहिताना आमच्या कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

“वधूवर मेळाव्यात सगळ्यांना सगळ्यांची पत्रिका वाटायची आणि अटी मागून विचारायच्या, तसं,” सांगलीची मुलगी म्हणाली. बरोबर ओळखलं पोरीने.

अट फंक्शनमधून काढून दुसऱ्या दाव्याच्या ओळीत आणली : पॉलिसी क्रमांक पहिल्याचाच. ‘बरोबर’ची साधी तुलना दिसली की इंजिन स्वतःच त्या क्रमांकाची अनुक्रमणिका करतं आणि थेट जुळणारेच दावे उचलतं. दुसऱ्या दाव्याचा क्रमांक मोठा असावा अशीही अट घातली, म्हणजे प्रत्येक जोडी एकदाच लागेल. बदल दोन ओळींचा, शोधायला तीन दिवस.

५ सप्टेंबर, गुरुवार

टपल, म्हणजे त्या जोड्या, गेल्या तरी हीप हवा तितका उतरला नाही. एक ‘दावा’ उघडून त्याने किती जागा अडवलीय ते पाहिलं. आत दवाखान्याच्या बिलांच्या स्कॅन प्रती, पानंच्या पानं. नियम वाचतात सहा रकाने. त्या सहांचाच छोटा ऑब्जेक्ट केला, आता इंजिनात तोच जाईल.

तेवढ्यात दुसरी गोष्ट दिसली. इंजिनाचं एक सेशन, म्हणजे एका धावेतली नियमांची कामाची जागा, चालू असताना आधीच्या धावांची दोन जुनी सेशन जिवंत होती. काम संपल्यावर ती कुणी डिस्पोज, म्हणजे मोकळी, केलीच नव्हती. नियमांचा मूळ साठा आपल्या सेशनना धरून ठेवतो. आपण सोडवलं नाही तर मेमरीतला कचरा उचलणाऱ्याला ती कचरा वाटतच नाहीत. डिस्पोज फायनलीमध्ये टाकलं, मधे चूक झाली तरी ते चालेल.

६ सप्टेंबर, शुक्रवार

आज मूळ रचनेलाच हात घातला. आमचे नियम एका पॉलिसीबाहेर बघत नाहीत, मग वीस हजार दावे एकाच वेळी आत हवेतच कशाला? दावे पॉलिसी क्रमांकाने लावून घेतले. पाचशे पॉलिसींचा गट, त्याचं सेशन, नियम चालले की डिस्पोज, मग पुढचा गट. एका पॉलिसीचे दावे दोन गटांत फुटू नयेत एवढं जपलं. संध्याकाळी चाचणीही वीस हजारांची केली. दोन हजारांची काढून टाकली.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

फोन वाजला नाही. पूजेआधी लॉग पाहिला. जॉब दोन वाजून दहा मिनिटांनी पूर्ण झालाय, हीप एकदाही दीड जीबीच्या वर गेलेला नाही आणि अडकलेले सगळे दावे पुढे गेलेत.