कळंबचे उतरते ऊन

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागले की भवानीनगर, लासुर्णे मागे पडते आणि जंक्शन नावाचे गाव येते. आगगाडी दिसेल म्हणून खिडकीतून मान बाहेर काढू नका. इथे उतरायचे ते एस.टी.तूनच! तिथून वालचंदनगरच्या बाजूला वळले की कळंब. साठ वर्षांहून अधिक काळ मी या वाटेने येतो आहे, कारण आमची थोरली बहीण, अक्का, १९६१ च्या वैशाखात कळंबला दिली.

मुलूख तसा अवर्षणाचा. १८८० च्या दशकात नीरेचा डावा कालवा आला, १९३० च्या दशकात शेठ वालचंद हिराचंदांनी इथे साखर कारखाना काढला, आणि माळाचा ऊस झाला. मी मात्र नेहमी मे महिन्यातच जायचो, म्हणून माझे कळंब म्हणजे पांढरे ऊन आणि तापलेले पत्रे. थंडीतले कळंब प्रथम पाहिले ते अक्काच्या नातीच्या लग्नात. मार्गशीर्षातला गोरज मुहूर्त. रस्त्याच्या दोन्ही कडांना उसाला तुरे आलेले, आणि त्यांमागे ऊन असे उभे की प्रत्येक तुऱ्यात कुणी वात लावली आहे.

अक्काच्या माजघरात तिच्या लग्नाचा फोटो आहे. भरदुपारचा मुहूर्त होता. मी दहा वर्षांचा. पाय भाजत होते एवढे आठवते. त्या फोटोत दाजींच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे आहेत, आणि मुंडावळ्यांच्या सावल्या अक्काच्या गालांवर गज उमटावेत तशा. दाजींनी पुन्हा कधी धड फोटो काढून घेतला नाही. त्यांना जाऊन वीस वर्षे झाली. "डोळेच नाहीत रे ह्यात," असे अक्का दर खेपेला म्हणते आणि पदराने काच पुसते.

लग्नाच्या फोटोग्राफरला मी हे सांगितले. पंचविशीतला पोरगा, गळ्यात दोन कॅमेरे. तो म्हणाला, "काका, त्या फोटोग्राफरचा काय दोष? वैशाखातलं ऊन कुणाचंच भलं करत नाही." खरेच आहे. कळंब साधारण अठराव्या अक्षांशावर; मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि कपाळाची सावली थेट डोळ्यांत उतरते. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य ऐन दुपारीही एकोणपन्नास अंशांच्या वर चढत नाही. चारनंतर तर तो आडवाच येतो. हवेच्या जाड थरातून गाळून आल्याने त्याचा निळेपणा वाटेतच सांडतो, उरते ते पिवळे. त्यात उसाच्या ट्रॅक्टरांची धूळ मिसळली की सावल्यांच्या कडा मऊ होतात. असे असून लग्ने मात्र मेमध्ये! शेतीची कामे उरकलेली, पोरांना सुट्टी. फोटोसाठी का कुणी ऊसतोड थांबवते?

पाच वाजले. नवरी अजून आत, शालूच्या निऱ्यांत अडकलेली. पोरगा घड्याळ पाहत होता; सहाच्या सुमारास सूर्य बुडणार. ओसरीवर पश्चिमेचे ऊन थेट भिंतीपर्यंत शिरले होते. त्याने कुणाचे तरी धुतलेले धोतर दोरीवर एका बाजूला ताणून बांधले. पडलेला उजेड त्यावरून परतून चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला मिळतो म्हणे.

अक्का मात्र आतल्या दाराशी होती. हळदीलाही ती मागेच राहिली होती. कुणी तिला अडवले नव्हते. कुणी बोलावलेही नव्हते. आपल्या घरांतून हे असेच चालते, आणि मीही त्या घरांतलाच. इतकी वर्षे पाहून गप्प राहिलेला.

"आजी, जरा इथं बसता? उजेड बघायचाय," पोरगा म्हणाला.

"मला कशाला रे फोटूत? आज शुभकार्य हाय."

"फोटो नाही हो. नुसता उजेड."

ती बसली. उन्हाने तिच्या सुरकुत्यांना खडबडीत केले नाही. नांगरटीवर संध्याकाळ उतरावी तसे ते चेहऱ्यावर उतरले. त्याने किती वेळा कळ दाबली कोण जाणे. एवढ्यात नवरी बाहेर आली, आणि कुणी सांगण्याआधी आजीला बिलगून बसली. सुनेच्या माहेरच्या एक बाई काही बोलणार होत्या. मी मध्ये जाऊन त्यांना चहा विचारला. माझ्या हातून झालेले धाडस एवढेच.

पोरग्याने कॅमेऱ्याचा छोटा पडदा अक्कापुढे धरला. तिने चष्मा वर-खाली केला आणि नातीच्या चेहऱ्यावर बोट ठेवले. एरवी काळसर दिसणारे पोरीचे डोळे त्या आडव्या उन्हात स्वच्छ घारे दिसत होते.

"ह्यांचेच की गं," अक्का म्हणाली. "अगदी ह्यांचेच."

तोवर गुरुजींनी मांडवातून "नवरीला आणा!" म्हणून हाक दिली. पोरगा धोतर सोडू लागला, तर अक्का म्हणाली, "थांब रे, अजून ऊन हाय. हिच्या आईलाबी बसव."