जूनची शाळा, जानेवारीची शाळा

वसईतील कुटुंबे ऑस्ट्रेलियास निघाली, की मुलांच्या स्नानसंस्काराचे दाखले मागण्यास आमच्याकडे येतात. तेथील कॅथोलिक शाळा प्रवेशाच्या वेळी ते मागतात. दाखला लिहिता लिहिता आम्ही हमखास विचारतो, "विमान कोणत्या महिन्याचे?" आईवडिलांना ही नसती चौकशी वाटते.

आपली शाळा जूनमध्ये उघडते, मेलबर्नची जानेवारीच्या अखेरीस. गेल्या वर्षी एक आई डोळे पुसत आली. मुलगी आठवी उत्तीर्ण, प्रयाण जूनमध्ये, आणि तेथील शाळेने कळवलेले, की वयानुसार तिला आठवीच्याच तिसऱ्या सत्रात बसवू. "फादर, पोरीचे वर्ष फुकट गेले!" आम्हांस तसे वाटले नाही. परके उच्चार, परके सोबती. निदान गणित तरी ओळखीचे असावे. वर्ष वाचवण्याचा हव्यास (आम्हीही त्याच मुशीतले) लेकरांच्या जिवावर उठू नये.

खरी चिंता दहावीनंतरची. मार्चमध्ये परीक्षा देऊन मुलगा जुलैत पोहोचला, तर तेथील अकरावी निम्मी सरलेली असते. आणि व्हिक्टोरिया राज्याचा शालान्त अभ्यासक्रम सहसा अकरावी-बारावी असा सलग दोन वर्षांचा. मध्येच घुसवण्यापेक्षा जानेवारीची वाट पाहणे बरे. वर्षाच्या मध्यात निघणाऱ्यांनी सहामाहीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला व लसीकरणाची नोंद विसरू नये.

त्या मुलीला मात्र कोणीच विचारले नव्हते. आम्ही विचारले. "नाताळपर्यंत आजीकडे राहू द्या," एवढेच ती म्हणाली. वडील एकटे पुढे गेले, मायलेकी मागे राहिल्या. जानेवारीत ती तेथील नववीत पहिल्या दिवसापासून बसली.