आजीची मडकी आणि यीस्टच्या तबकड्या

मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे गेला की आमची शाळा बंद आणि आमची वरात दर्यापूरकडे, आजीच्या गावी. तिच्या माजघरात एका ओळीत मडकी मांडलेली असत. एकात ज्वारी, एकात तूर, एकात मूग. हे खायचं धान्य नव्हे बरं का, पुढच्या पेरणीचं बियाणं! आत राख आणि कडुनिंबाचा पाला, तोंड शेणमातीनं लिंपलेलं. आजीला वाचता येत नव्हतं. मग कुठल्या मडक्यात काय, हे कळायचं कसं? तिनं प्रत्येक मडक्याच्या गळ्याला एक चिंधी बांधलेली असे, आणि त्या चिंधीत आतलेच चार दाणे.

पण गंमत पाहा, पेरणी जवळ आली की ती स्वतःच्याच चिंधीवर विश्वास ठेवत नसे. मडकं उघडायची, मूठभर दाणे तळहातावर घेऊन निरखायची. मग शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची आणि किती उगवले ते बघायची. मला तो सगळा उगाचचा खटाटोप वाटे.

पुढे अमरावतीला कॉलेज झालं आणि मी एका प्रयोगशाळेत कामाला लागले. तिथेही मडकीच होती. सहा हजारांच्या आसपास!

ती होती यीस्टची. बेकरीतला पाव ज्यामुळे फुगतो, तेच हे यीस्ट. एकाच पेशीचा जीव, पण आत कारखाना मोठा. या कारखान्यात कामं करतात ती प्रथिनं, आणि कुठलं प्रथिन कसं बनवायचं याची कृती लिहिलेली असते जनुकात. 1996 साली यीस्टची सगळी जनुकं वाचून झाली. सोळा गुणसूत्रं, सुमारे एक कोटी वीस लाख अक्षरं आणि साधारण सहा हजार जनुकं. म्हणजे पाककृतींचं जाडजूड पुस्तक हाती आलं. पण पुस्तक वाचलं म्हणून पुरणपोळी थोडीच कळते? एकेक कृती वेगळी काढून करून बघायला हवी.

तुम्ही म्हणाल, पावाच्या यीस्टसाठी एवढी उठाठेव कशाला? कारण यीस्टची कितीतरी जनुकं आपल्या शरीरातल्या जनुकांची नातलग आहेत. पेशी दुभंगून दोन कशा होतात, हे लीलंड हार्टवेल यांनी यीस्टमध्येच शोधलं. कॅन्सर समजून घ्यायला त्याचा उपयोग झाला, आणि 2001 चं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांत ते होते.

एकेक कृती वेगळी काढायची ती अशी. जनुकाची सुरुवात आणि शेवट पकडून त्याच्या भरपूर प्रती काढायच्या. एक प्रत डीएनएच्या छोट्या गोल कड्यात बसवायची. ते कडं ई. कोलाय नावाच्या जिवाणूत सोडायचं. जिवाणू वाढले की त्यांच्याबरोबर जनुकही वाढतं. यालाच म्हणतात क्लोन. मग त्यात ग्लिसरीन घालून उणे 80 अंशांवर गोठवून ठेवायचं. अकोल्याचा उन्हाळा आणि ती पेटी यांत सव्वाशे अंशांचं अंतर!

हे क्लोन राहतात प्लॅस्टिकच्या तबकड्यांत. एका तबकडीत 96 खळगे. आडव्या ओळी आठ, ए ते एच, उभ्या बारा. सहा हजार जनुकांना किती तबकड्या लागतील? करा भागाकार. त्रेसष्ट! एवढ्याशा कपाटात एका जिवाची सगळी पाककृती. कुणालाही हवा तो खळगा उघडून हवं ते प्रथिन बनवून बघता येतं. याच वाटेवरचं आणखी एक काम मला फार आवडतं. 2003 साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी यीस्टच्या एकेका जनुकाला जेलीफिशचं हिरवं चमकणारं जनुक जोडलं आणि चार हजारांहून अधिक प्रथिनं पेशीत नेमकी कुठे राहतात ते डोळ्यांनी पाहिलं.

आता माझी फजिती. माझ्याकडे काम होतं तबकड्यांच्या प्रती काढायचं. 96 टोकांचा एक ठसा मूळ तबकडीत बुडवायचा आणि नव्या तबकडीत टेकवायचा. तबकडी उलटी ठेवली जाऊ नये म्हणून तिचा एक कोपरा कापलेला असतो. एका संध्याकाळी घाईत मी तो पाहिलाच नाही. तबकडी उलटी बसली. ए-एकच्या जागी एच-बारा, डी-पाचच्या जागी ई-आठ. सगळीच्या सगळी उलटी! वरची चिठ्ठी मात्र अगदी सुवाच्य अक्षरात, बिनचूक.

माझ्या शेजारी काम करणारी मैत्रीण डी-पाचमधलं छोटंसं प्रथिन बनवू पाहत होती. दर वेळी निघे भलतंच मोठं. तीन आठवडे ती स्वतःचीच चूक शोधत राहिली. शेवटी त्या क्लोनची अक्षरं वाचून घेतली, तेव्हा ते जनुक दुसरंच निघालं. कुठलं, ते यादीत पाहिलं. ई-आठ. माझ्या पोटात गोळाच आला. कुणाला कळलंही नसतं, पण रात्रभर झोप लागली नाही. सकाळी जाऊन सांगून टाकलं. ती रागावली, दोन दिवस बोलली नाही. मी काढलेल्या सगळ्या प्रतींतले क्लोन मग आम्ही दोघींनी बसून पुन्हा तपासले. उलटी झालेली ती एकच होती.

दिवाळीत गावी गेले तेव्हा आजीला हे सगळं सांगितलं. जनुक, क्लोन, उणे 80, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘चिंधीवरच भरोसा ठेवला काय वं? मडक्यात हात घालून पाहाले काय झालं होतं तुले?’’