सुभेदाराची वंशावळ

इचलकरंजीत वंशावळींना तोटा नाही. जहागीरदार घोरपड्यांची तर वासुदेवशास्त्री खऱ्यांनी संस्थानचा इतिहास लिहून पक्की करून ठेवली आहे. मूळ पुरुष नारो महादेव जोशी, कोकणातल्या म्हापणचे. संताजी घोरपड्यांच्या पदरी ते वाढले आणि धन्याचंच आडनाव लावू लागले. मुलगा व्यंकटराव हा बाळाजी विश्वनाथांचा जावई. एवढं सोयरिकीचं बळ असलं की कागद आपोआप जपले जातात. आसपासच्या शेतकरी घरांसाठी हेळवी आहेत. दारात येतात, चोपडी उघडतात, खापरपणजोबापासून नावं घडाघडा म्हणतात आणि धान्य घेऊन पुढच्या दाराला जातात.

पण ज्याच्यासाठी शास्त्रीही बसले नाहीत आणि हेळवीही थांबला नाही, त्याचं काय?

हा प्रश्न मला शेजारच्या माणगावमुळे पडला. 21 आणि 22 मार्च 1920 ला तिथे परिषद भरली, शाहू महाराज आले, अध्यक्षस्थानी भीमराव रामजी आंबेडकर होते. अध्यक्षांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. माझं कुतूहल त्यांच्या वडिलांविषयी, सुभेदार रामजी सकपाळांविषयी. एकोणिसाव्या शतकातला हा लष्करी अधिकारी. त्याचं घराणं शोधत मागे जायचं तर किती मागे जाता येतं?

कंपनी सरकारच्या गोऱ्या अधिकाऱ्याचं सोपं आहे. कॅडेट म्हणून अर्ज करतानाच त्याला बाप्तिस्म्याचा दाखला जोडावा लागे, म्हणजे आईबापांची नावं पहिल्याच कागदावर. पुढे लग्न, मुलं, मृत्युपत्र, विधवेचं पेन्शन, सगळं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरांत आहे. स्कॉटलंडातला पणतू आपल्या पणजोबाची सगळी हकीकत तिथून काढू शकतो. रामजीही अधिकारीच, पण देशी. जमादार, सुभेदार, सुभेदार मेजर. शिडी तिथे संपायची आणि कालपरवा आलेला गोरा पोरगाही वरचा ठरायचा. कागदाच्या बाबतीतही तीच उतरंड राहिली.

रामजींचे वडील मालोजी, तेही लष्करातच. पत्नी भीमाबाईंचं माहेर मुरबाडकरांचं, तेही लष्करी. गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. मालोजींच्या मागे गेलं की वाट अंधुक होते. मग मन कोरेगावच्या विजयस्तंभाकडे धावतं. 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं तिथे कोरली आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या शेवटी महारांच्या नावांतलं ‘नाक’ आहे. मात्र दगडावर गाव नाही. ओढूनताणून त्यात कुणाचा पूर्वज बसवण्याचा मोह आवरायला हवा. शोध घेणाऱ्याने श्रद्धेपोटी एक कडी खोटी जोडली, तर पुढची सगळी साखळी वाया जाते.

आडनावही फसवतं. घर सकपाळांचं, गावावरून झाले आंबडवेकर, आणि साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात 7 नोव्हेंबर 1900 ला मुलाचा प्रवेश झाला तो भिवा रामजी आंबेडकर या नावाने. आंबेडकर हे साताऱ्यातल्या एका शिक्षकाचं आडनाव, असं परंपरेने सांगतात. इचलकरंजीकराला यात नवल वाटू नये. आपल्या जहागीरदारांनी धन्याचं आडनाव घेतलं, या मुलाकडे गुरूचं आलं. फरक इतकाच की पहिल्याची नोंद दरबारी दप्तरात झाली आणि दुसऱ्याची शाळेच्या रजिस्टरात.

या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो एक अर्ज. 1890 नंतरच्या दोन-तीन वर्षांत सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांची नावं दगडावर कोरली त्यांच्याच नातवंडांना दार बंद! लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. रामजींनीही अर्जासाठी न्यायमूर्ती रानड्यांची मदत मागितली. या अर्जांत पूर्वजांच्या चाकरीचा दाखला द्यावा लागला. खऱ्यांच्या ग्रंथामागे संस्थान उभं होतं. इथे मात्र पोटावर पाय आला तेव्हा इतिहास लिहावा लागला. मला तो जास्त विश्वासाचा वाटतो, कारण तो वाचणारा साहेब प्रत्येक ओळ खोडून काढायलाच बसलेला होता.

लष्कराने या घराला दिलेली मोठी गोष्ट म्हणजे अक्षर. पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकावंच लागे. रामजी तर लष्करी शाळेत चौदा वर्षं मुख्याध्यापक होते. महूहून निवृत्त झाल्यावर दापोली, सातारा, शेवटी मुंबई. 2 फेब्रुवारी 1913 ला ते गेले. चांगदेव खैरमोड्यांनी आंबेडकरांच्या चरित्राचा पहिला खंड 1952 मध्ये काढला, बाबासाहेब हयात असताना. घरातल्या माणसांना विचारता येत होतं, म्हणून इतकं तरी हाती लागलं.

म्हणजे मुलगा मोठा झाला म्हणून बापाचा शोध झाला. दापोलीच्या कॅम्पात रामजींसारखे किती पेन्शनर होते. त्यांच्या मुलांनी परिषदा गाजवल्या नाहीत, त्यामुळे त्यांना कुणी काही विचारलंच नाही.

तेव्हा एक विनंती. सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात पलटणीत पणजोबा असलेली घरं गल्लोगल्ली आहेत. ट्रंकेच्या तळाशी पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा कागद असेल तर मोबाइलवर फोटो काढून भावकीत सगळ्यांना पाठवा. आणि चांदीचं पदक मोडीत घालायला सोनाराकडे न्यायच्या आधी त्याची कड उजेडात धरून बघा. नंबर, नाव आणि पलटण बहुधा तिथेच कोरलेली असते.