आबांची बंदूक आणि दोन हजारांची पावती

आबांची बंदूक म्हणजे एकनळी, बारा बोअर, शेतीसंरक्षणाच्या लायसनवरची. आबा गेल्यावर ते लायसन माझ्या नावावर व्हायला दीड वर्ष गेलं. ते हेलपाटे सांगत बसत नाही. आमच्या आजऱ्याकडं भातात दाणा भरायला लागला की रात्री डुकरं उतरतात, कधी गवेही. त्यांना मारायचं नसतं. बांधावरनं हवेत एक बार काढला की त्या रात्रीपुरतं शेत वाचतं.

2019 च्या लोकसभेला बंदूक ठाण्यात जमा होती. परत आणली तर घोडा ढिला. कोल्हापूरचा बंदूकवाला म्हणाला, "हे काम पुण्यालाच होईल." त्यानं आपल्या परवान्यावर, रीतसर कागद करून ती पाठवली. जुलैत ट्रान्सपोर्टनं परत आली.

गोदामात दुकानातला पोरगा आणि मी गेलो. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. त्यानं खोकं घेतलं, सही करायला पेन काढलं. उघडून बघू का, असं तो विचारत होता. मीच म्हणालो, "कर की सही बाबा, एस.टी. चुकंल माझी."

दुकानात उघडलं तर दस्ता हाताच्या पकडीपाशी उभा चिरलेला. खोक्याचा एक कोपरा दबलेला होता, तो आमच्यापैकी कुणीच बघितला नव्हता. तसंच उलटं गोदामात गेलो. तिथल्या माणसानं कुरकुर करत पावतीच्या मागं 'कोपरा दबलेला' एवढं लिहून दिलं. तेवढ्या दोन शब्दांवर पुढं सगळं तगलं. पुढच्या बाजूला 'माल सुस्थितीत मिळाला' आणि त्याखाली सही होतीच.

दुसरी मेख पावतीतच होती. मालाची किंमत दोन हजार. विम्याचे चार पैसे वाचावेत म्हणून पुण्यात कुणीतरी तसं लिहिलेलं. नवा दस्ता बसवायचा खर्च साडेआठ हजार. गडहिंग्लजच्या वकिलांनी मला नीट समजावलं. रस्त्यानं माल नेणाऱ्यांचा 2007 चा कायदा आहे. बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यायची. जादा भाडं भरून जादा जोखीम त्यांच्यावर टाकली नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापट, पण पावतीवरच्या किमतीपेक्षा जास्त नाही. भाडं साडेतीनशे, दहापट साडेतीन हजार. पण किंमत दोन हजार लिहिलेली, मग तिथंच कुंपण. विमाही तेवढ्याचाच.

तेवढ्यात ऑगस्टचा महापूर आला. हायवे शिरोलीला पाण्याखाली, निम्मं कोल्हापूर पाण्यात. सर्व्हेअर लोक भिजलेल्या दुकानांत आणि बुडालेल्या गाड्यांत अडकले. ज्यांचे संसार वाहून गेले त्यांच्यापुढं माझी बंदूक काय! मीही महिनाभर फोन केला नाही.

सप्टेंबरात दुकानात सर्व्हेअर आला. सरळ माणूस होता. दस्त्यावरनं हात फिरवत वरच्या बाजूच्या खोलगटावर थांबला. म्हणाला, "हेपण प्रवासातच झालं का?"

"न्हाई सायेब. तो आबांचा गाल टेकायचा."

1968 ची खरेदी, अक्रोडाचं लाकूड. पन्नास वर्षं तिथं गाल टेकून ते गुळगुळीत झालेलं. त्यानं मान हलवली आणि कागदावर लिहिलं, 'जुनी झीज'. त्या झिजेपोटी रक्कम कापली. हातात आले अकराशे पन्नास. नोटीस मी तरी दिली. ट्रान्सपोर्टवाल्यानं पुढच्या बाजूची सही दाखवली. एवढ्यासाठी कोर्टात जायचं तर वकिलांची फीच वर निघाली असती. सोडून दिलं.

नव्या दस्त्याचे पैसे जमवेपर्यंत 21 सप्टेंबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. ठाण्यातनं निरोप आला, हत्यार जमा करा. तसंही चिरलेल्या दस्त्यानं बार काढायचा म्हणजे गाल फोडून घ्यायचा.

चिरलेली बंदूक घेऊन गेलो. हवालदारानं नंबर बघून वहीत नोंद केली आणि वही माझ्यापुढं सरकवली.

"आधी दस्ता चिरलाय ते लिव्हा."

"अहो काका, इथं कोण फोडतंय तुमची बंदूक?"

"लिव्हा तरी."

त्यानं लिहिलं. मी चष्मा लावून वाचलं, मग सही केली. घरी येऊन थोरल्याला म्हणालो, रॉकेलचे रिकामे डबे काढून ठेव. त्या हंगामात आम्ही बापलेक रात्रभर डबे बडवत बसायचो. पहिले चार दिवस डुकरं बिचकली, पाचव्या दिवशी सरावली. ओढ्याकडंचं सहा गुंठे भात त्यांनी आडवं केलं.