बारा नंबरचे पाऊल

वसतिगृहातील वर्षांविषयी लिहिताना आमचे बहुतेक सोबती ग्रंथालयाविषयी आणि गुरुजनांविषयी लिहितील. आम्ही आमच्या पावलांविषयी लिहिणार आहोत. दहावीतच आमच्या पायाचे माप बारावर पोहोचले होते. गणवेशाचे बूट त्या मापात मिळत नसत. चपला मुद्दाम शिवून घ्याव्या लागत.

पुढे उदरनिर्वाहासाठी आम्ही वाहन चालवण्याचा मार्ग पत्करला. एका मालकाने आमच्या पायांकडे पाहूनच नकार दिला. "ब्रेक दाबायला जाल आणि रेसही द्याल," असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. लहान मोटारींत ही दोन पेडल इतकी जवळ असतात की रुंद बूट दोहोंवर पडू शकतो. परंतु घरची चूल त्या कामावर पेटायची होती, म्हणून उत्तर शोधणे भाग होते. दुसऱ्या एका मालकाने भोर-महाड रस्त्यावरची जीप आमच्या हाती दिली आणि वरंधा घाटाने आम्हांस ते उत्तर शिकविले.

उतारावर केवळ ब्रेकवर विसंबले तर ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. म्हणून गिअर उतरवून इंजिनाचाच आधार घ्यावा लागतो. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर त्याच वेगाला दुसऱ्यात ते, समजा, 3000 घेईल. हा फरक भरून न काढता क्लच सोडला, तर गाडीला हिसका बसतो. पावसाळ्यात मागची चाके घसरू शकतात. क्लच दाबलेला असतानाच थोडी रेस देऊन फेरे वाढवले, की गिअर अलगद बसतो. मात्र त्याच वेळी ब्रेकही दाबलेला हवा आणि डावा पाय क्लचवर गुंतलेला असतो. म्हणून उजव्या पायाने दोन कामे करायची. शर्यतींतले चालक या कौशल्यास 'हील अँड टो' म्हणतात. आयर्टन सेनाचे सुझुकाच्या धावपट्टीवर होंडा एनएसएक्स चालवतानाचे चित्रण ज्यांनी पाहिले असेल, त्यांना साध्या बुटांतली त्याची पावले आठवतील.

नावाप्रमाणे टाच फिरवून रेस द्यायला गेल्यास लांब पायाच्या माणसाचा गुडघा स्टिअरिंगला अडतो. आम्ही टाच फिरवतच नाही. चवड्याची डावी बाजू ब्रेकवर ठेवतो, टाच जमिनीवर टेकलेली असते आणि घोटा किंचित उजवीकडे कलवून पावलाच्या बाहेरच्या कडेने ॲक्सिलरेटरला हलका स्पर्श करतो. अरुंद पावलाला जे अंतर ताणून गाठावे लागते, ते रुंद पाऊल सहज व्यापते. ज्या मापामुळे काम नाकारले गेले, तेच माप येथे उपयोगी पडले.

आमच्यासारख्या पावलांच्या तरुण बंधुभगिनींसाठी काही गोष्टी सांगतो. बुटाचा तळवा पातळ आणि कडा अरुंद असाव्यात. जाड, पसरट तळवा घातक. आसन एक खाच मागे घ्यावे, म्हणजे गुडघा मोकळा राहतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो ॲक्सिलरेटरच्या खाली जात असेल, तर मोठे पाऊल नकळत रेस देईल. अशी गाडी आधी मेकॅनिकला दाखवावी. पहिला सराव उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून करावा. नंतर मोकळ्या मैदानात. रेस देताना ब्रेकवरचा दाब कमी-जास्त होता कामा नये, हीच खरी परीक्षा. ती साधेपर्यंत रहदारीत हा प्रयोग करू नये.

आता काही मोटारी फेरे स्वतःच जुळवतात. निसानने 2009 च्या 370झेडमध्ये तशी सोय दिली होती. ऑटोमॅटिक गाड्यांत तर क्लचचे पेडलच नसते. तरीही घाटाचा नियम बदललेला नाही: उतार सुरू होण्यापूर्वीच गिअर उतरवावा. मागे बसलेल्या माणसांची झोप मोडू नये, इतक्या अलगदपणे तो उतरला, तर आपले काम नीट झाले असे समजावे.